रानातून औषधी वनस्पती गोळा करताना: परवानगीपासून पोत्यापर्यंत

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. कोल्हापूरच्या या पश्चिम पट्ट्यात हिरडा, बेहडा, शिकेकाई गोळा करणारी घरं गावोगावी आहेत. अलीकडं शहरातली मंडळीही यात उतरली आहेत. रविवारी गाडी काढायची, मोबाईलवर आलेला फोटो बघायचा आणि दिसेल ती वेल ओढून आणायची. दोघांच्याही पोत्यांत मला त्याच त्या चुका सापडतात. झाड भलतंच निघतं, नाहीतर माल कोवळा असतो, नाहीतर ओला भरल्यामुळं आतून बुरसलेला असतो.

या सगळ्याचं मूळ क्रमात आहे. लोक आधी तोडतात, मग ओळख पटवतात आणि परवानगीचा विचार गाडी अडवल्यावर करतात. तोडणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. त्याच्या आधी चार पायऱ्या आहेत आणि नंतरही चार आहेत. कुठली वनस्पती कुठल्या दुखण्यावर, हे मी इथं सांगणार नाही. ते वैद्यांना विचारा.

१. जागा ठरवा, आणि विचारून ठरवा

आधी बघायचं की जमीन कुणाची आहे. आपल्याकडं डोंगराला लागून मालकीची रानं भरपूर आहेत आणि हिरड्याची कितीतरी जुनी झाडं मालकी जमिनीतच उभी आहेत. अशा ठिकाणी मालकाची परवानगी तोंडी न घेता चार ओळींच्या चिठ्ठीवर घ्या. त्यात गट नंबर, काय नेणार आणि साधारण किती नेणार एवढं असलं तरी पुरे. भाऊबंदकीतल्या जमिनीत एकानं होय म्हटलं आणि दुसरा कोयता घेऊन आला, असं होतं. म्हणून सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघून घ्या.

जमीन वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. कुठला गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानातला बाकीचा माल, नेता येतो आणि वाहतूक परवाना लागतो का, हे तिथं आधीच विचारून घ्या. वनहक्क कायदा २००६ खाली ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथं ग्रामसभेशी बोलावं लागतं. विक्रीसाठी गोळा करणार असाल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कळवा. जैवविविधता कायदा २००२ नुसार आपल्या हद्दीतून व्यापारासाठी माल नेणाऱ्याकडून ही समिती शुल्क घेऊ शकते. समितीचं लोकजैवविविधता नोंदवही नावाचं दप्तर असतं. ते चाळायला मागा, आपल्या गावात काय आहे ते तिथंच कळतं.

राधानगरी अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काहीही आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ इथं लागू आहे. "वाळलेलंच तर उचललं" हे कारण चालत नाही. हद्द कुठं सुरू होते हे ठाऊक नसेल तर वनरक्षकाला विचारा, अंदाजानं चालू नका. देवराईतही तेच. तिथं कायद्याच्या आधी देवाची आणि गावाची आण आहे, ती पाळा.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट बघा. उसाच्या फडाला लागून असलेल्या बांधावर पुनर्नवा, माका, गोखरू छान माजलेले दिसतात. त्याच बांधावर तणनाशकाचा फवारा उडालेला असतो. सांडपाणी मिसळणाऱ्या ओढ्याकाठची ब्राह्मी, रहदारीच्या रस्त्याकडेची पानं, कारखान्याच्या नाल्याजवळचं काहीही घेऊ नका. धुतल्यानं धूळ जाते. मुळांतून आत शिरलेलं विष जात नाही.

> सावध: नरक्याला हात लावू नका. या झाडातल्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगावरची औषधं करतात, म्हणून चोरटी तोड होते आणि त्यासाठी अख्खं झाड आडवं पाडतात. कुणी पैसे देऊन "फक्त लाकूड दाखवा" म्हणालं, तरी जागा सांगू नका.

२. ओळख पटवा, तीही दोन हंगामांत

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून इथं जरा थांबू.

माझी स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी भुदरगडच्या बाजूला कुड्याची साल काढायला गेलो होतो. झाडाला पांढरा चीक होता, समोरासमोर पानं होती, जोडीनं लोंबणाऱ्या शेंगा होत्या. पुस्तकातलं सगळं जुळत होतं. अर्धं पोतं साल निघाली. परत येताना धनगरवाड्यावर पाणी प्यायला थांबलो. तिथल्या मावशींनी पोत्यात हात घालून एक तुकडा काढला, मोडला आणि नाकाजवळ नेला. मग मला म्हणाल्या, "शेंगा बघितल्यास का रं? टोकाला चिकटल्यात न्हवं? मग ह्यो काळा कुडा. आमास्नी लागतोय त्यो पांढरा, कडूजार असतोय."

फरक एवढाच होता. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, पिकल्यावर सुटतात. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा सुरुवातीपासून सुट्या, बारीक आणि लांब लोंबतात. पांढऱ्याचं बी ते कडू इंद्रजव, काळ्याचं ते गोड इंद्रजव. बाजारात दोन्ही "कुडा" म्हणूनच फिरतात. एका जिवंत झाडाची साल मी फुकट ओरबाडली होती. तेव्हापासून फूल किंवा फळ डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुठल्याही झाडाची साल काढत नाही.

म्हणूनच हंगाम दोन लागतात. पावसाळ्यात पानं, फुलं अंगावर असताना झाड ओळखून ठेवायचं, खूण करायची, आणि काढणी दिवाळीनंतर करायची. खूण म्हणजे सुतळीची सैल गाठ. खोडावर कोयत्यानं घाव घालून खूण करू नका, त्यातून कीड शिरते.

गुळवेल सगळ्यांनाच ओळखता येते असं वाटतं, पण चुका तिच्यातही होतात. तीन गोष्टी एकत्र जुळायला हव्यात. पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. खोडाची वरची साल कागदासारखी पातळ, नखानं सोलली की आत हिरवं. आणि आडवा काप घेतला की बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. वरून दोऱ्यासारखी लांब मुळं लोंबत असतील तर चौथी खूणही जुळली. पानाच्या पाठीमागं मऊ लव हाताला लागली किंवा खोडावर चामखिळीसारखे दाट, मोठे फोड असले, तर ती गुळवेलीची बहीण आहे, आपली गुळवेल नव्हे. फोडवाली जात यकृताला त्रासदायक ठरू शकते. वसनवेल आणि पहाडवेलही घाईत तिच्यातच जमा होतात. काजऱ्यावर, म्हणजे विषारी कुचल्याच्या झाडावर चढलेली गुळवेल आम्ही सोडून देतो. कापताना काजऱ्याच्या फांद्या, बिया त्यात मिसळल्या तर निवडून काढणं अवघड जातं.

कंदांच्या बाबतीत तर जिवाशी गाठ आहे. कळलावीचा कंद विषारी असतो. पावसाळ्यात ती चटकन ओळखू येते, कारण तिच्या पानाचं टोक लांबून स्प्रिंगसारखं वळलेलं असतं आणि फूल पिवळं-लाल, ज्वाळेसारखं दिसतं. पण हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि जमिनीखाली नांगराच्या आकाराचा कंद तेवढा उरतो. त्यामुळं वर पाला नसलेला कुठलाही कंद उकरायचा नाही, हा नियम कधीच मोडू नका.

> थांबा, तपासा: पान, खोड किंवा साल, आणि फूल किंवा फळ, या तिन्हींची ओळख पटली का? दोनच जुळली असतील तर घरी चला.
>
> ओळखण्यासाठी चाखून बघू नका. मुरलेला वैदू चाखतो, कारण झाड कुठलं हे त्याला चाखण्याआधीच ठाऊक असतं.

शंका राहिली तर फुलाफळासकट एक वीतभर फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. जागा आणि तारीख लिहून शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात किंवा जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. मोबाईलच्या फोटोवर कुणी नाव सांगितलं, तर ते पक्कं धरू नका.

३. महिना बघा

एकाच झाडाची कोवळी आणि जून फळं बाजारात वेगळ्या नावानं, वेगळ्या भावानं जातात. हिरड्याचं कोवळं फळ, आत आठळी धरायच्या आधी उतरवून वाळवलं की काळा कुळकुळीत बाळहिरडा होतो. तो उन्हाळ्यात, साधारण एप्रिलच्या सुमारास मिळतो. पूर्ण भरलेला, पिवळसर झालेला मोठा हिरडा मात्र दिवाळीनंतर, थंडीत घ्यायचा. मधल्या महिन्यांत उतरवलेलं फळ धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. दरवर्षी लोक हेच करतात, कारण शेजाऱ्यानं आपल्या आधी उतरवू नये.

बाकीचं थोडक्यात सांगतो. आवळा आणि बेहडा थंडीत. शिकेकाईच्या शेंगा तपकिरी होऊन खुळखुळायला लागल्यावर, संक्रांतीनंतर. धायटीची फुलं थंडी ओसरताना, लालभडक असतानाच. मुळं आणि कंद बी गळून गेल्यावर, पाला पिवळा पडल्यावर पण अजून वर उभा असताना. साल झाडाला नवी पालवी फुटायच्या आधी.

गुळवेल पावसाळ्यात कापू नका. कांडात पाणी भरलेलं असतं, आठ दिवसांत बुरशी धरते. हिवाळा सरता सरता पानं झडू लागतात, तेव्हा कापा.

दिवसातली वेळही बघा. दव उडून गेल्यावर तोडणी सुरू करायची. अपवाद फक्त खाजकुहिलीचा. तिच्या शेंगांवरची लव उडून अंगाला लागू नये म्हणून ती सकाळी दवात ओली असतानाच, वाऱ्याकडं पाठ करून काढायची.

४. जायची तयारी

धार लावलेला विळा, छोटी कुदळ, छाटणीची कात्री, सुतळी, जुनी सुती चादर, दोन-तीन बुट्ट्या. प्लास्टिकची पिशवी घेऊ नका. ओला पाला तासाभरात आत घामेजतो आणि तापतो. बोथट विळ्यानं फांदी कापली जात नाही, चिरफळते, आणि ती जखम भरून यायला झाडाला कितीतरी जास्त दिवस लागतात.

प्रत्येक वनस्पतीला वेगळी बुट्टी. एकत्र टाकलं की घरी निवडताना गोंधळ ठरलेला.

अंगभर कपडे, बंद बूट, हातमोजे घाला. एकट्यानं जाऊ नका आणि कुठल्या बाजूला चाललो ते घरी सांगून जा. गवा दिसला तर तिथंच थांबा, त्याला वाट द्या, फोटोसाठी जवळ जाऊ नका. दाट गचपणात हात घालायच्या आधी काठीनं आवाज करा, फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही. झाडावर चढण्याआधी वर आग्या मोहोळ आहे का बघा.

> सावध: बिब्बा गोळा करणार असाल तर आधी हात, मनगट आणि चेहऱ्याला खोबरेल तेल चोळा, वर हातमोजे चढवा. त्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. त्या हातानं डोळे पुसू नका, लहान पोरांना घेऊ नका.

५. काढणी

आधी सगळा परिसर फिरून मोजा. एखादी वनस्पती दहा ठिकाणी दिसली तर दोन-तीन ठिकाणांहून घ्या. एकच दिसली तर घेऊ नका. हा आमचा अनुभवाचा हिशोब आहे, तुमच्या रानात आणखी कमी घ्यावं लागेल.

*फळं.* झाडाखाली चादर पसरा, फांदी हलवा, पडेल ते घ्या. आवळ्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून खाली बसून निवांत तोडणारे लोक मी पाहतो आणि जीव तुटतो. ती फांदी पुन्हा फळायला किती वर्षं जातील याचा विचारच नाही. उंचावरचं फळ आकडीनं ओढा, नाहीतर राहू द्या. पाव हिस्सा फळं झाडावर आणि खाली ठेवायचीच, भेकर आणि पाखरं ती खातात आणि बी लांब नेतात. किडकं, भोक पडलेलं फळ बुट्टीत टाकू नका.

*फुलं.* धायटीची फुलं हातानं ओरबाडली की कोवळा शेंडाही येतो. चादर पसरून झुडूप हलकेच झटका. मधमाश्या बसल्या असतील तर थोडं थांबा.

*वेल.* गुळवेल बुडातून कधीही उपटू नका. जमिनीपासून हातभर सोडून, अंगठ्याएवढं जाड झालेलं कांडच तिरकं कापा, म्हणजे कापावर पाणी साचत नाही. बोटाएवढी बारीक कांडं वेलीवरच राहू द्या. कापलेल्यातलं दोन डोळ्यांचं एक कांड तिथंच झाडाच्या बुडाशी खोचून ठेवा, पावसात फुटतं. शिकेकाईची वेल खाली ओढून पाडू नका, काट्यांनी हातही फाटतात आणि वेलही जाते. शेंगा आकडीनं काढा.

*साल.* सालीखालूनच झाडाचं अन्न खाली जातं. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं तर झाड हळूहळू वाळून जातं. म्हणून उभी, अरुंद पट्टी काढायची. तीही आधी फांदीवरून, खोडाला शक्यतो हात नाही. आतल्या लाकडाला विळा लागू देऊ नका. अर्जुनाची साल पुन्हा भरून येते, पण जुनी जखम पूर्ण भरल्याशिवाय त्या झाडाकडं परत जायचं नाही.

*मुळं.* शतावरीच्या एका बाजूनं माती उकरा, बोटाएवढे जाड कंद कापून घ्या, मधला गड्डा आणि निम्मे कंद तसेच ठेवा. माती परत लोटा, पायानं दाबा, वर पाचोळा घाला. खड्डा उघडा सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. उरलेली मुळं उन्हानं करपतात आणि रानडुक्कर बाकीचं काम करतं.

> थांबा, तपासा: निघताना मागं वळून बघा. इथून कुणी काही नेलं आहे हे लांबून कळत असेल, तर जास्त घेतलं आहे.

६. घरी आल्यावर, त्याच दिवशी

थकून आल्यावर बुट्टी कोपऱ्यात ठेवून झोपणं म्हणजे दिवसभराची मेहनत पाण्यात घालणं. पोती उशिरा आली म्हणून बांधलेली तशीच ठेवली आणि दोन दिवसांनी उघडली, तर हात घालवत नाही इतकी आतून गरम निघतात.

चादरीवर पसरा आणि निवडा. परका पाला, माती, दगड, किडकं बाजूला काढा. मुळं आणि कंद वाहत्या पाण्यात पटकन धुवा, भिजत ठेवू नका. पानं, फुलं, सुकी फळं धुवायची नाहीत, झटकायची.

कापायचं ते ओलं असतानाच. गुळवेल दोन-तीन इंचांचे तुकडे करून जाड कांडं उभी चिरा, कारण वाळल्यावर ती सुरीला दाद देत नाही. शतावरीचे कंद उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढले की साल बोटांनी सुटते, मग मधली दोरी ओढून काढायची. आवळ्याच्या फोडी करायच्या असतील तर लोखंडी सुरी वापरू नका, फोडी काळ्या पडतात. स्टीलची घ्या.

७. वाळवण

पानं आणि फुलं सावलीत, वारा खेळेल अशा जागी. मुळं, कांडं आणि टणक फळं उन्हात. थर एका बोटापेक्षा जाड नको. दिवसातून दोनदा पालथं घाला. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून घरात घ्या. ही शेवटची गोष्ट गगनबावडा, आंबा, आंबोली घाटाच्या बाजूला फार महत्त्वाची. तिकडं सकाळी उशिरापर्यंत धुकं हटत नाही. दिवसभर वाळलेला माल रात्री बाहेर राहिला की परत ओलावा ओढतो. शिरोळ, हातकणंगल्याकडं पाहुणे असतील तर टणक फळांचं शेवटचं वाळवण तिकडच्या कोरड्या उन्हात करून घेणारेही आहेत, आणि ते शहाणपणाचं आहे.

डांबरी रस्त्यावर वाळवू नका. डांबर, गाड्यांचं तेल, शेळ्यांच्या लेंड्या सगळं त्यात येतं. शेणानं सारवलेल्या अंगणात थेट पसरू नका, खाली बांबूची चटई किंवा स्वच्छ कापड घाला. गुऱ्हाळाच्या चुलवाणाशेजारी लवकर वाळतं म्हणून काहीजण ठेवतात. धुराचा वास एकदा बसला की उतरत नाही.

वाळलं की नाही हे हातानं आणि काट्यावर कळतं. पान चुरगळलं की चुरा व्हावा. मूळ वाकू नये, कट्कन मोडावं. खात्रीची पद्धत वजनाची आहे. एक छोटी पिशवी भरून रोज त्याच वेळी वजन करा. सलग दोन दिवस वजन तेवढंच आलं की वाळवण संपलं.

> सावध: बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून बाकीचा माल ठेवू नका. पसरलेली बुरशी डोळ्यांना दिसत नाही. सगळा ढीग खतात घाला.

८. साठवण आणि चिठ्ठी

वाळलेला माल पूर्ण थंड झाल्यावरच भरायचा. गरम भरला की आत घाम सुटतो. पोतं नवं किंवा धुतलेलं गोणपाटाचं घ्या. युरियाची, खताची, कीटकनाशकाची रिकामी पोती कितीही झटकली तरी वापरायची नाहीत. घरोघरी ती पडलेली असतात आणि त्यातच हिरडा भरला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. बिब्बा आणि विषारी काही असेल तर वेगळ्या खोलीत, कुलपात.

प्रत्येक पोत्याच्या आत एक आणि बाहेर एक चिठ्ठी: वनस्पतीचं स्थानिक नाव, कुठला भाग, काढल्याची तारीख, गाव आणि गट नंबर, काढणाऱ्याचं नाव. पोतं विकत घेणारा खरा व्यापारी ही चिठ्ठी मागतो. न मागणाऱ्याला विकताना विचार करा.

९. पावसात परत जा

मृगाच्या पहिल्या सरी पडून पंधरा-वीस दिवस झाले की जिथून काढलं तिथं परत जायचं, या वेळी विळा न घेता. सोबत वही घ्या. गुळवेलीच्या कापाखाली नवे डोळे फुटलेत का, खोचलेलं कांड धरलं का, शतावरीचा हिरवा कोंब वर आला का, सालीच्या पट्टीच्या कडा भरून यायला लागल्यात का, हे प्रत्येक खुणेपुढं लिहा. जिथं फुटलं नाही, तिथली सुतळीची गाठ सोडून घ्या आणि ती जागा पुढची दोन वर्षं वहीतून काढून टाका.